डब्लिनिया: हजार वर्षांपूर्वीच्या डब्लिनमध्ये आईला कुडाचं घर भेटलं

लालमाती
नमस्कार मंडळी. डब्लिनमध्ये आम्हाला आता पाच वर्षं होतील. ख्राइस्टचर्च कॅथीड्रलला जोडलेला एक दगडी पूल रस्त्यावरून जातो. त्याच्या खालून बसने शेकडो वेळा गेले असेन, पण पुलाच्या दुसऱ्या टोकाच्या इमारतीत, म्हणजे 'डब्लिनिया' या संग्रहालयात, कधी पाऊल टाकलं नव्हतं. गेल्या महिन्यात आई आली आणि लेकाच्या शाळेत व्हायकिंगांचा, म्हणजे हजार वर्षांपूर्वीच्या उत्तर युरोपातल्या दर्यावर्दींचा, धडा सुरू झाला, म्हणून तिघं गेलो. दीड तासात बाहेर पडू असं वाटलं होतं, तीन तास लागले. तेव्हापासून आई फोनवर सगळ्या नातेवाइकांना तेच सांगते आहे, म्हणून इथेही लिहिते.

आधी जागेविषयी. ही इमारत म्हणजे चर्च ऑफ आयर्लंडचं जुनं सिनॉड हॉल, धर्मसभेची जागा. १८७०च्या दशकात जॉर्ज स्ट्रीट या वास्तुविशारदाने कॅथीड्रलचा जीर्णोद्धार केला, तेव्हा हेही बांधलं. सगळा पैसा हेन्री रो या व्हिस्की गाळणाऱ्या कारखानदाराचा. बांधताना सेंट मायकेलच्या जुन्या चर्चचा मनोरा पाडला नाही, आत सामावून घेतला. १९८३पर्यंत इथे धर्मसभा भरायची. १९९३पासून इथे डब्लिनिया आहे. डब्लिनिया हे शहराचं लॅटिन नाव.

आत गेल्यावर पहिला भाग व्हायकिंगांचा. इथे वस्तू काचेमागे नाहीत. लोकरीचे अंगरखे घालून बघता येतात, जहाजावरचं जिणं कसं होतं ते कळतं, रून लिपीत नाव लिहिता येतं. त्या काळच्या रून लिपीत सोळाच अक्षरं. क आणि ग एकाच खुणेने लिहायचे, त आणि द एकाच खुणेने. लेकाच्या नावात क आणि ग दोन्ही येतात, त्यामुळे तो बराच वेळ त्या खुणांकडे बघत राहिला. मग म्हणाला, "म्हणजे वाचणाऱ्याला मी माहीत असायला हवा."

शिरस्त्राणांना शिंगं नव्हती हे त्याला तिथेच कळलं. ती १८७६ सालच्या वाग्नरच्या संगीतनाटकाच्या वेशभूषेतून लोकांच्या डोक्यात बसली. खऱ्या व्हायकिंग शिरस्त्राणाला शिंगं असल्याचा पुरावा नाही.

पण मला सांगायचं आहे ते घराविषयी. गल्लीतून पुढे गेलं की एक व्हायकिंग घर येतं. बुटक्या भिंती, मधोमध चूल, दोन्ही बाजूंना बसायला-झोपायला ओटे, धुराडं नाही, अंधार. आई दाराशीच थांबली. भिंतीवरून हात फिरवला आणि म्हणाली, "अगं, हा कूड आहे."

आईचं बालपण संगमेश्वर तालुक्यातलं. आजोळी मागच्या पडवीच्या आणि गोठ्याच्या भिंती कारवीच्या कुडाच्या होत्या, शेणामातीने लिंपलेल्या. तिला कुठलीच पाटी वाचायची गरज पडली नाही. धूर कुठून बाहेर जात असेल, पाऊस आला की कुठली बाजू आधी भिजेल, ओट्याखाली काय ठेवत असतील, सगळं ती नातवाला सांगत होती. तिथली एक कर्मचारी जवळ येऊन ऐकत उभी राहिली. मी भाषांतर करत होते. संग्रहालयात आई कुणाला काही समजावून सांगते आहे, हे मी आयुष्यात पहिल्यांदा पाहिलं. एरवी ती आमच्या मागून मुकाट चालते.

घरी येऊन वाचलं तेव्हा कळलं की डब्लिनचं आयरिश नावच कुडाचं आहे. बाल्य आहा क्लीअ, म्हणजे कुडाच्या ताट्या टाकून केलेल्या नदीच्या उताराचं गाव. लिफी नदीच्या चिखलात पाय रुतू नयेत म्हणून विणलेल्या ताट्या अंथरायचे. आणि डब्लिन हे नाव दुव लिन वरून, म्हणजे काळा डोह. पॉडल नावाची छोटी नदी लिफीला मिळायची तिथला डोह. पॉडल आता जमिनीखालून वाहते आणि डोहाच्या जागी डब्लिन किल्ल्यामागची बाग आहे.

कुणी पाहिलं आहे का? अनुभव लिहा.

पिंपळपान
सुरेख लिहिलंय. "वाचणाऱ्याला मी माहीत असायला हवा" हे वाक्य वहीत लिहून ठेवलं.

आम्ही तीन वर्षांपूर्वी गेलो होतो. माझ्या लक्षात राहिला तो वरचा, मध्ययुगातला भाग. ११७०मध्ये अँग्लो-नॉर्मन, म्हणजे इंग्लंडवर राज्य करणारे नॉर्मन, आले, शहर बदललं, तिथून पुढची कथा. जत्रेतल्या मसाल्याच्या गाळ्यापाशी मी बराच वेळ रेंगाळले. मिरी तेव्हा मलबारातून अरबी व्यापाऱ्यांच्या हातून इजिप्तला, तिथून व्हेनिसला आणि मग उत्तरेकडे यायची. श्रीमंत व्यापाऱ्याच्या स्वयंपाकघरातली चिमूटभर मिरी किती हात बदलून आली असेल, हा विचार तिथे उभं राहूनच येतो. घरी डब्यात पावशेर असते तेव्हा येत नाही.

आसपासच्या रस्त्यांची नावंही बघा. फिशॅम्बल स्ट्रीट म्हणजे मच्छीबाजार. वाइनटॅव्हर्न स्ट्रीटचा अर्थ नावातच आहे. कुक स्ट्रीट म्हणजे आचाऱ्यांची गल्ली, ती तटाबाहेर, कारण लाकडा-गवताच्या गावात भट्ट्या आत ठेवल्या तर आग लागणारच.

दोन_पिल्लांची_आई
आम्ही पुढच्या महिन्यात गॉलवेहून येतोय. धाकटी सहा वर्षांची आहे. गुलामांच्या साखळ्या तिथे आहेत असं ऐकलं. लहान मुलांना घाबरवणारं आहे का? आणि बाबागाडी नेता येते का?

लालमाती
@दोन_पिल्लांची_आई, बाबागाडीचं संग्रहालयालाच फोन करून विचारा. मनोऱ्याला मात्र ९६ पायऱ्या आहेत, गोल जिना, तिथे गाडी शक्यच नाही. आई अर्ध्यातून परत फिरली. वरून लिफी, कॅथीड्रल आणि हवा स्वच्छ असेल तर दक्षिणेचे डोंगर दिसतात.

साखळ्यांविषयी. हो, आहेत, आणि घालून बघता येतात. लेकाने हौसेने घातल्या आणि तीन-चार पावलं चालून गप्प झाला. मी थांबवलं नाही. दहाव्या-अकराव्या शतकात डब्लिन हा पश्चिम युरोपातला मोठा गुलामांचा बाजार होता. आयर्लंडमधून, वेल्समधून, इंग्लंडमधून माणसं पकडून इथे विकली जायची. समोरच्या ब्रिस्टल बंदरातूनही माणसं इकडे पाठवत. वुस्टरचा बिशप वुल्फस्टन याने तिथल्या व्यापाऱ्यांचं मन वळवायला कित्येक खेटे घातले. व्हायकिंग म्हणजे नुसते शूर दर्यावर्दी, असं मुलांच्या पुस्तकांतून मनात बसतं. त्या साखळीच्या वजनाने ते हललं. लेकाने रात्री विचारलं, "त्यांना परत घरी जाता यायचं का?" मी खरं तेच सांगितलं, की बहुतेकांना नाही. सहा वर्षांच्या मुलीला किती सांगायचं ते तुम्ही ठरवा, पण दाखवू नका असं मी म्हणणार नाही.

मोडीवाचक
लेख आवडला, आईंचा प्रसंग तर फारच. पण एक वेगळं मत मांडतो. मला पुतळ्यांची आणि प्रतिकृतींची संग्रहालयं मनापासून पटत नाहीत. डब्लिनियात तुम्ही पाहिलं ते घर आज बांधलेलं आहे. खरी घरं शेजारीच होती आणि ती आपण, म्हणजे आधुनिक माणसांनी, घालवली.

वुड क्वेची गोष्ट नव्या लोकांना माहीत नसेल. कॅथीड्रल आणि नदी यांच्यामधल्या उतारावर महानगरपालिकेला कचेऱ्या बांधायच्या होत्या. १९७४ ते १९८१ या काळात तिथे आणि फिशॅम्बल स्ट्रीटवर उत्खनन झालं. ओल्या, हवा न शिरणाऱ्या चिखलात शंभराहून जास्त घरांचे अवशेष टिकले होते. कुडाच्या भिंती, वाटा, कुंपणं, शौचकूप, सगळं. एकाच वाड्याच्या जागेवर घर जुनं झालं की त्यावरच नवं, असे थरावर थर. उत्तर युरोपात इतकं सलग व्हायकिंग गाव क्वचित मिळालं आहे. १९७८च्या सप्टेंबरमध्ये सुमारे वीस हजार माणसं हे वाचवा म्हणत रस्त्यावर आली. फ्रान्सिस झेवियर मार्टिन हे इतिहासाचे प्राध्यापक आणि अगस्टिनियन धर्मगुरू त्यांच्या पुढे होते. न्यायालयाने जागेला राष्ट्रीय स्मारक म्हटलं. १९७९मध्ये लोक जागेवर ठाण मांडून बसले. तरी कचेऱ्या उभ्या राहिल्याच.

म्हणून माझा आग्रह असा, की वेळ एकाच ठिकाणी द्यायचा असेल तर किल्डेअर स्ट्रीटच्या राष्ट्रीय संग्रहालयाला द्या. वुड क्वेच्या खऱ्या वस्तू तिथे आहेत. प्रवेश विनामूल्य आहे. खऱ्या वस्तूसमोर उभं राहण्यात जे आहे ते प्रतिकृतीला हात लावण्यात नाही.

यॉर्ककर
@मोडीवाचक, वुड क्वेविषयी पूर्ण सहमत. पण प्रतिकृतींविषयी नाही, आणि त्याचं कारण मी राहतो ते गाव.

इंग्लंडमधल्या यॉर्कमध्ये जवळजवळ त्याच वर्षांत, १९७६ ते १९८१, कॉपरगेट या रस्त्यावर उत्खनन झालं. इथेही ओला चिखल, इथेही कुडाची घरं. पण इथे उत्खनन करणाऱ्या संस्थेने त्याच जागेवर, तळघरात, १९८४मध्ये यॉर्विक केंद्र उघडलं. पाळण्यासारख्या गाडीत बसून दहाव्या शतकातल्या गल्लीतून जायचं. वासही सोडतात, मासळीचा, धुराचा, उकिरड्याचा. पुतळ्यांचे काही चेहरे खऱ्या कवट्यांवरून घडवले आहेत. २०१५च्या डिसेंबरातल्या पुरात पाणी शिरलं आणि २०१७च्या एप्रिलपर्यंत बंद होतं. पुन्हा उघडलं तेव्हा गावाला आपलंच काही परत मिळाल्यासारखं वाटलं.

कॉपरगेट हे नाव बघा. कॉपर म्हणजे तांबं नव्हे. जुन्या नॉर्स भाषेत कोप्पारी म्हणजे लाकडी कटोरे कातणारा, आणि गाता म्हणजे रस्ता. म्हणजे कटोरेवाल्यांची आळी. उत्खननात लाकूड कातताना उरलेले गाभे ढिगाने मिळाले. आपल्याकडे पुण्यात तांबट आळी, तसंच. खरा गाभा काचेमागे नुसता ठोकळा दिसतो. चरकावर बसलेला कातारी दिसला की तोच ठोकळा बोलू लागतो.

उत्तरवारा
डेन्मार्कहून लिहितोय. या धाग्यात एक जहाज यायलाच हवं.

रॉस्किल्डच्या व्हायकिंग जहाज संग्रहालयात पाच जहाजं आहेत. अकराव्या शतकात शत्रूची वाट अडवायला ती खाडीत मुद्दाम बुडवली होती, १९६२मध्ये बाहेर काढली. त्यातलं सगळ्यात लांब युद्धजहाज सुमारे ३० मीटरचं, ६० वल्ह्यांचं. लाकडातली वर्षवलयं मोजली तेव्हा कळलं की त्याचा ओक आयर्लंडच्या पूर्व किनाऱ्याकडचा आहे आणि १०४२च्या सुमारास तोडलेला. म्हणजे डेन्मार्कमध्ये सापडलेलं हे मोठं व्हायकिंग युद्धजहाज डब्लिनच्या सुतारांनी बांधलं होतं!

त्याची प्रतिकृती रॉस्किल्डमध्येच बांधली, त्या काळच्या अवजारांसारखीच अवजारं घेऊन. ग्लेंडालोचा सागरी घोडा असं तिचं नाव. २००७च्या उन्हाळ्यात साठेक माणसांनी ती उत्तर समुद्रातून, स्कॉटलंडला वळसा घालून डब्लिनला नेली. संग्रहालयाच्या धक्क्यावर मी तिला हात लावला आहे. @मोडीवाचक, प्रतिकृती बांधताना जे कळतं ते मूळ लाकडाकडे बघून कळत नाही. फळ्या किती लवचिक हव्यात, पाणी कुठून शिरतं, साठ माणसं रात्री झोपतात कुठे (उघड्यावर, वल्ह्यांच्या बाकांमधे अंग दुमडून), हे सगळं प्रवासातच कळलं.

खडूफळा
मी शाळेत इतिहास शिकवते, नगर जिल्ह्यात. हा धागा पाठ म्हणून वर्गात वाचणार आहे.

कुडाची घरं आपल्याकडेही खणून काढली आहेत. शिरूर तालुक्यातल्या इनामगावला डेक्कन कॉलेजने १९६८पासून बरीच वर्षं उत्खनन केलं. साडेतीन हजार वर्षांपूर्वीची शेतकऱ्यांची वस्ती. कुडाच्या, मातीने लिंपलेल्या भिंती, चुली, धान्य साठवायच्या कणग्यांच्या जागा, घराच्या जमिनीखाली मडक्यांत पुरलेली लहान मुलं. माझ्या मुलांना हे परीक्षेपुरतं चार ओळींत ठाऊक असतं. त्यातल्या निम्म्या मुलांच्या आज्यांना कूड घालता येतो! तसं एक घर उभं करून त्यात मुलांना बसवता आलं तर मला वर्षभर वेगळं काही शिकवावं लागणार नाही. केळकर संग्रहालयात अडकित्ते आणि दिवे बघताना मुलं रमतात, कारण तशा वस्तू घरात पाहिलेल्या असतात.

@लालमाती, रोगराईचा भागही आहे ना तिथे? त्याविषयी लिहा. माझ्या पणजीकडून प्लेगात गाव सोडून माळावर झोपड्या घातल्याच्या गोष्टी ऐकल्या आहेत.

लालमाती
सगळ्यांचे मनापासून आभार. एकेक घेते.

@खडूफळा, हो, आहे. काळी साथ, म्हणजे प्लेगच, आयर्लंडला १३४८च्या उन्हाळ्यात पोचली, डब्लिनजवळच्या हाउथ आणि डॉकी या बंदरांतून. किलकेनीचा जॉन क्लिन नावाचा संन्यासी तिची नोंद ठेवत होता. डब्लिनमध्ये ऑगस्ट ते नाताळ चौदा हजार माणसं गेली असं त्याने लिहिलं आहे. शेवटी तो लिहितो की मी पुढे कोरी चर्मपत्रं ठेवून जातो आहे, आदमच्या वंशातलं कुणी यातून वाचलं तर त्याने हे काम पुढे न्यावं. त्यानंतर दुसऱ्याच हस्ताक्षरात टीप आहे, की लेखक इथे वारला असावा. हे मी आईला तिथे बाकावर बसून सांगितलं. तिच्याही आजीने प्लेगाच्या झोपड्या पाहिल्या होत्या. आम्ही दोघी बराच वेळ तिथेच बसलो होतो.

@मोडीवाचक, तुमचं ऐकून मागच्या शनिवारी किल्डेअर स्ट्रीटला गेलो. वस्तू खरंच अप्रतिम आहेत. खेळण्यातली लाकडी होडी बघून लेक हरखला. रेशमाचे तुकडे आहेत, अंबर आहे. पण जे झालं ते सांगते. हरणाच्या शिंगाच्या फण्या मांडल्या आहेत, त्यासमोर लेक थांबला आणि आजीला म्हणाला, "दात शेवटी कापायचे. आधी शिंगाच्या पट्ट्या, मग रिबिट." फणी कशी बनते हे त्याला डब्लिनियाने शिकवलं होतं. शौचकुपातल्या शेवाळाचंही तसंच. हजार वर्षांपूर्वी इथले लोक कागदाऐवजी शेवाळ वापरत, त्यात फळांच्या बिया मिळाल्या, त्यावरून ते काय खात ते कळलं. डब्लिनियात कुडाच्या आडोशाला बसलेल्या व्हायकिंगाचा पुतळा आहे, मुलं त्याच्याभोवती घोळका करतात. म्हणून मी म्हणेन, आधी डब्लिनिया, मग किल्डेअर स्ट्रीट. उलट क्रमाने आईला खरी फणीसुद्धा दुसरी काचेतली वस्तू वाटली असती.

वुड क्वेचं मात्र तुम्ही म्हणता तसंच आहे. मनोऱ्यावरून त्या कचेऱ्या समोरच दिसतात. आधी मी तिकडे बघितलंही नव्हतं, आता बघवत नाही.

मोडीवाचक
@लालमाती, फणीचा प्रसंग वाचून मी माझा क्रम बदलतो. आधी हात, मग डोळे. मान्य.

कचेऱ्यांच्या तळघरात ११००च्या सुमारास बांधलेल्या दगडी तटाचा तुकडा जपला आहे. तो पाहायची संधी मिळाली तर सोडू नका. आणि ख्राइस्टचर्चच्या आसपास पायाखाली लक्ष ठेवा. वाइनटॅव्हर्न स्ट्रीटच्या पदपथात व्हायकिंग घराचा आराखडा दगडांनी आखला आहे. लोक त्यावरून चालत जातात. मी दर वेळी थांबतो.

दोन_पिल्लांची_आई
आम्ही जाऊन आलो! कॅथीड्रलचं आणि डब्लिनियाचं मिळून तिकीट काढलं. कॅथीड्रलच्या तळघरात ऑर्गनच्या नळीत अडकून सुकलेलं मांजर आणि उंदीर आहे. धाकटीने इतर काहीही विसरलं तरी ते विसरणार नाही. साखळ्या तिने घातल्या नाहीत, पण दादाच्या पायातल्या स्वतः सोडवल्या आणि म्हणाली, "जा आता घरी."

@लालमाती, आजींना विचारून लिहा ना, आपला कूड आणि तिथला कूड एकच का?

लालमाती
तुमच्या धाकटीला माझा गोड पापा द्या. आईला वाचून दाखवलं, ती डोळे पुसत होती.

आईला विचारलं. ती म्हणते, एकच नाही. आपल्याकडे कारवीच्या काठ्या उभ्या लावतात, शेजारी शेजारी, आणि आडव्या बांबूच्या कामट्यांना सुंभाने किंवा वेलीने बांधतात. मग शेणमाती, त्यात भाताचं तूस, दोन्ही बाजूंनी लिंपण. डब्लिनचा कूड टोपलीसारखा. उभे खुंट जमिनीत ठोकायचे आणि ओल्या लवचिक फांद्या आडव्या, एका खुंटाच्या पुढून, दुसऱ्याच्या मागून विणत वर जायचं. अ‍ॅशच्या आणि हेझलच्या फांद्या वापरत. ती म्हणाली, तिथली झाडं वाकतात म्हणून विणतात, आपली कारवी ताठ म्हणून बांधतात.

रविवारी शेजाऱ्यांनी विलोचं झाड छाटलं होतं. तिने फांद्या मागून आणल्या. आता मागच्या अंगणात हातभर रुंदीची, गुडघाभर उंचीची ताटी उभी आहे. डावी बाजू तिने बांधली, आपल्या पद्धतीची. उजवी लेकाने विणली. लिंपायला शेण कुठे मिळेल, असं ती सकाळपासून विचारते आहे. लुकनजवळ कुणाच्या ओळखीचा गोठा असेल तर कळवा.